मॉडिफाय केलेली जुनी परफॉर्मन्स गाडी गोव्यात पारखून घेताना

जुनी गाडी घेणारा माणूस प्रथम तिचे वर्ष विचारतो, मग ती किती किलोमीटर चालली ते, आणि शेवटी ती किती मालकांच्या हातांतून गेली ते. मॉडिफाय केलेल्या परफॉर्मन्स गाडीसाठी एवढी चौकशी पुरत नाही. कारखान्यातून बाहेर पडल्यानंतर तिच्या इंजिनाला, सस्पेन्शनला आणि वायरिंगला कोणाकोणाचा हात लागला याचा हिशेब आधी मांडावा लागतो, कारण घाईघाईने रिमॅप केलेली, म्हणजे ताकद वाढवण्यासाठी इंजिनाच्या संगणकातील सॉफ्टवेअर बदललेली, ४०,००० किलोमीटरची गाडी ही जपून चालवलेल्या १,००,००० किलोमीटरच्या गाडीपेक्षा अधिक थकलेली असू शकते.

या प्रकारात सहसा शोधल्या जाणाऱ्या गाड्या थोड्याच आहेत. फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय (टीएसआय म्हणजे टर्बो पेट्रोल इंजिन), स्कोडा ऑक्टाव्हियाचे १.८ टीएसआय आणि आरएस हे प्रकार, फियाट लिनिया टी-जेट, अबार्थ पुंतो, मारुती बलेनो आरएस, ह्युंदाई आय२० एन लाईन आणि टर्बोच्या आधीच्या जमान्यातली होंडा सिटी व्हीटेक ही त्यांतली ठळक नावे. पोलोचे भारतातील उत्पादन २०२२ मध्ये थांबले, आणि २०२० मध्ये आलेल्या २४५ अश्वशक्तीच्या ऑक्टाव्हिया आरएसच्या संपूर्ण देशासाठी केवळ २०० गाड्या होत्या. त्यामुळे चांगली गाडी दिसली की ग्राहक घाई करतो आणि विक्रेत्याला ते ठाऊक असते.

घाई टाळण्यासाठी मी एक पद्धत पाळतो. गाडीत केलेल्या प्रत्येक बदलापुढे तीन प्रश्न लिहायचे: हे काम कोणी केले आणि त्याचे बिल आहे का, काढलेला मूळ भाग कुठे आहे, आणि हा बदल आरटीओ व विमा कंपनी यांच्यापुढे टिकेल का. ज्या बदलाच्या तिन्ही प्रश्नांना समाधानकारक उत्तर मिळत नाही, तो बदल काढून टाकण्याचा खर्च गाडीच्या किमतीतून वजा करायचा. ज्या गाडीला मूळ स्वरूपात परत नेता येते, तिच्यात पैसे अडकवायला हरकत नाही. मागे वाटच उरली नसेल, तर ती गाडी कितीही देखणी असली तरी सोडून द्यावी.

कायद्यात काय बसते

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये याच कलमाचा अर्थ लावताना मूळ तपशिलांविरुद्ध जाणाऱ्या बदलांना मुभा नाकारली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, अनधिकृत बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द ग्राहकाने नीट वाचावेत, कारण नावावर झाल्यानंतर गाडीच्या अंगावरचे सगळे बदल नव्या मालकाच्या खाती जमा होतात.

व्यवहारात याचा अर्थ असा की रंग बदललेला असेल तर तो आरसीवर नोंदलेला हवा, आणि इंजिन बदललेले असेल तर नव्या इंजिनाचा क्रमांक आरसीवर असायलाच हवा. इंजिनावर आणि चासीवर कोरलेले क्रमांक बॅटरी दाखवून स्वतः वाचावेत. विक्रेत्याने मोबाईलवर पाठवलेल्या छायाचित्रावर विसंबू नये. काचांच्या बाबतीत नियम सोपा आहे: पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. कर्कश सायलेन्सरबद्दल वेगळे सांगायला नको. आपल्या वाड्यावरून रात्री अकरा वाजता गेलेली गाडी कोणाची, हे सकाळपर्यंत सगळ्यांना कळलेले असते, आणि नाक्यावरच्या पोलिसालाही ती ऐकू येते.

कागदपत्रांवर एक सकाळ घालवावी

एम-परिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकून आरसीची वैधता, विमा, पीयूसी, कर्जाचा बोजा आणि थकीत ई-चलने पाहावीत. बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. गोव्यात आणखी एक गोष्ट तपासावी लागते. येथील रेंट-अ-कॅब गाड्यांना काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे असतात, आणि अशी गाडी पुढे खासगी नोंदणीत आणून विकली जाऊ शकते. पर्यटकांच्या हाती पूर्ण हंगाम धावलेली गाडी वाईटच असते असे नाही, परंतु तिची किंमत एका कुटुंबाने वापरलेल्या गाडीइतकी असू नये. त्यासाठी आरसीवरील वाहनाचा वर्ग आणि पूर्वीच्या नोंदणीचा इतिहास पाहावा.

अशा गाड्या अनेकदा बेळगावहून, कोल्हापूरहून किंवा सिंधुदुर्गातून येतात. केए-२२, एमएच-०९ आणि एमएच-०७ हे क्रमांक आपल्या रस्त्यांवर नित्याचे आहेत. परराज्यातील गाडी बारा महिन्यांपेक्षा अधिक काळ गोव्यात ठेवायची असेल तर तिला येथील क्रमांक घ्यावा लागतो, त्यासाठी मूळ आरटीओचे फॉर्म २८ मधील ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि येथील रस्ता कर भरून जुन्या राज्याकडे उरलेल्या कराच्या परताव्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो. हा परतावा कधीतरी मिळेल असे धरून चालावे, पण सौद्याच्या हिशेबात तो मिळकत म्हणून मांडू नये. मॉडिफाय केलेली गाडी परराज्यातून आणताना तिची तपासणी येथे नव्याने होते, हेही लक्षात असावे. तिकडे चालून गेलेले काम इकडे चालेलच असे नाही.

बिलांपैकी सर्वांत बोलके बिल इंजिन ऑइलचे असते. टर्बो इंजिनाला रिमॅप केल्यानंतर शहाणा मालक कंपनीने सांगितलेल्या अंतराची वाट न पाहता लवकर ऑइल बदलतो आणि कंपनीने मान्य केलेल्या प्रतीचेच सिंथेटिक ऑइल वापरतो. रिमॅपसाठी मोठी रक्कम मोजणाऱ्या मालकाकडे ऑइल बदलल्याचे एकही बिल नसेल, तर त्याने पैसे कुठे खर्च केले आणि कुठे वाचवले ते आपल्याला कळले.

थंड इंजिन

विक्रेत्याला एकच विनंती आधी फोनवर करावी: गाडी मी येण्यापूर्वी सुरू करू नका. एकदा मी सकाळी आठला पोहोचलो तेव्हा गाडी अंगणात छान गुणगुणत उभी होती, आणि ‘तुमच्यासाठी गरम करून ठेवली’ असे मला मोठ्या आपुलकीने सांगण्यात आले. तो सौदा मी तिथेच सोडला. थंड इंजिन सुरू होताना जे बोलते ते गरम झाल्यावर बोलत नाही. ऑक्टाव्हियाच्या आणि तिच्या आधीच्या लॉराच्या १.८ टीएसआय इंजिनात टायमिंग चेनला ताण देणारा भाग सैल पडला असेल, तर सुरुवातीचे काही सेकंद खडखड ऐकू येते. वाल्व्हची सील झिजली असतील किंवा टर्बोतून ऑइल झिरपत असेल, तर पहिल्या धुरात निळसर झाक दिसते. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय जमली असेल तर पाणी आणि ऑइल एकत्र येत असल्याची शंका घ्यावी. मात्र पावसाळ्यात फक्त जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत हवेतल्या दमटपणानेही थोडी साय जमते, म्हणून कूलंटची पातळी आणि रंग पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

इंजिन खरोखर थंड आहे का, हे ओबीडी स्कॅनरवर (गाडीच्या संगणकातील माहिती वाचणाऱ्या यंत्रावर) लगेच कळते, कारण रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत कूलंटचे आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान जवळपास सारखे असते. ब्लूटूथचा साधा स्कॅनर आणि मोबाईल एवढ्यावर पुष्कळ काही वाचता येते. नोंदवलेले दोष तर पाहावेतच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे ‘रेडीनेस मॉनिटर’ (गाडीचा संगणक स्वतः करतो त्या तपासण्या) तयार आहेत का ते पाहावे. ते अपूर्ण दिसले तर दोषांची नोंद नुकतीच पुसली गेली आहे किंवा बॅटरी काढली गेली आहे; दोन-तीन दिवस गाडी चालवून पुन्हा दाखवा, असे निःसंकोच सांगावे. दीर्घकालीन फ्युएल ट्रिम (संगणक पेट्रोलच्या मात्रेत करत असलेली दुरुस्ती) उणे किंवा अधिक १० टक्क्यांच्या पलीकडे असेल तर कुठेतरी हवा गळते आहे, सेन्सर मळला आहे किंवा रिमॅप नीट बसलेला नाही. तेल लावलेला कापडी एअर फिल्टर बसवलेल्या गाड्यांत ते तेल हवेच्या सेन्सरवर बसलेले पुष्कळदा आढळते, आणि हा दोष स्वस्तात निघतो.

रिमॅपविषयी थोडे सविस्तर. ‘स्टेज १’ म्हणजे केवळ ईसीयूमधील (इंजिनाच्या संगणकातील) सॉफ्टवेअरचा बदल. ‘स्टेज २’ मध्ये सहसा डाउनपाइप (टर्बोतून धूर बाहेर नेणारा पाइप), इनटेक (हवा आत घेणारा मार्ग) आणि इंटरकूलर (ती हवा थंड करणारा भाग) यांपैकी काही भाग बदललेले असतात. त्यापुढे मोठा टर्बो येतो. बूस्ट, म्हणजे टर्बोने इंजिनात भरलेल्या हवेचा दाब, वाढला की सिलिंडरमधील दाब आणि उष्णता वाढते, आणि मग पेट्रोलची ऑक्टेन पातळी कमी पडली तर इंजिन नॉक करू लागते, म्हणजे पेट्रोल अवेळी पेटून आत ठोके बसतात. म्हणून रिमॅप कोणत्या पेट्रोलसाठी केला होता हे विचारावे. ९५ किंवा १०० ऑक्टेनसाठी बेतलेला रिमॅप घेऊन मालक कायम साधे पेट्रोल भरत असेल, तर त्याची किंमत पिस्टनने चुकती केलेली असते. रिमॅप कोणत्या ट्यूनरने केला, मूळ फाइल जपून ठेवली आहे का, आणि बदल होण्याआधीचा व नंतरचा डायनोचा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख आहे का, हे तिन्ही लेखी मागावे. फोक्सवॅगन समूहाच्या गाड्यांत बदललेले सॉफ्टवेअर अधिकृत सर्व्हिस सेंटरला ओळखता येते आणि तशी नोंद कंपनीकडे राहू शकते. उरलेल्या वॉरंटीवर भरवसा ठेवून जास्त किंमत देऊ नये.

डाउनपाइप बदलताना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) काढून टाकलेला असेल आणि चेक इंजिनचा दिवा सॉफ्टवेअरमधून झोपवलेला असेल, तर पीयूसीच्या प्रत्येक फेरीला आपली परीक्षा होणार. अशा गाडीसोबत मूळ डाउनपाइप मिळत नसेल तर मी ती घेत नाही, कारण तो भाग नवा घ्यायला गेल्यास खर्च डोळे पांढरे करणारा असतो.

शेवटी कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधील दाब मोजणे. हे काम अर्ध्या-पाऊण तासाचे असून मेकॅनिकची मजुरी आपण द्यावी. सर्व सिलिंडरांतील आकड्यांत १० टक्क्यांपेक्षा अधिक फरक नसावा. गोव्यात या चाचणीला विशेष अर्थ आहे. ‘कोल्ड एअर इनटेक’ बसवताना फिल्टर पुष्कळदा बंपरच्या आत खाली नेलेला असतो, आणि जुलैच्या पावसात तुंबलेल्या रस्त्यातून गाडी नेली की तो सरळ पाणी ओढतो. पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. किंचित वाकलेल्या रॉडवर गाडी महिनोन्‌महिने चालते, फक्त त्या एका सिलिंडरचा आकडा कमी भरतो.

खारे वारे आणि तांबडी माती

अलीकडे पेंट मोजण्याचे यंत्र घेऊन येणारे ग्राहक दिसतात, आणि त्याचा उपयोगही होतो: मूळ रंगाची जाडी साधारण ८० ते १५० मायक्रॉन भरते आणि पुट्टी भरलेल्या जागी ती कित्येक पटींनी वाढते. परंतु किनारपट्टीवरच्या गाडीचे खरे वय वरच्या रंगात दिसत नाही. गाडी लिफ्टवर घ्यावी, निदान गॅरेजच्या खड्ड्यावर तरी उभी करावी, आणि जॅक लावायच्या जागा, सबफ्रेम, मागच्या स्प्रिंगांच्या बैठका, ब्रेकचे पाइप व सायलेन्सरचे हँगर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलके ठोकत पाहावेत. ठणठणीत आवाज यायला हवा; भसका आवाज आला की पत्रा आतून खाल्ला गेला आहे. खालून नुकतेच फासलेले काळेभोर कोटिंग मला धीर देत नाही, उलट त्याखाली काय झाकले आहे असा प्रश्न पडतो.

उंची कमी-जास्त करता येणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर यांची जोडी) बसवलेले असतील, तर त्यांचे आटे खाऱ्या हवेत जाम होतात. विक्रेत्याला गाडी एक सेंटिमीटर उचलून दाखवायला सांगावे. उचलता आली नाही, तर ते कॉइलओव्हर नसून महागडे स्प्रिंग आहेत असे समजून किंमत ठरवावी. खाली बसवलेली गाडी आणि आपल्या गावांतले गतिरोधक यांचे वैर जुने आहे. ऑइल संप, फ्रंट लिप आणि एक्झॉस्टचे जोड यांवरचे ओरखडे त्याची साक्ष देतात. टायरची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा अधिक झिजली असेल तर कॅम्बर (चाकाचा कल) बिघडला आहे. टायरवरच्या चार अंकांत आठवडा आणि वर्ष असते, म्हणजे २३१९ हा टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला.

काही गाड्या समुद्र पाहून आलेल्या असतात, म्हणजे अक्षरशः. किनाऱ्यावर वाहन नेण्यास बंदी असूनही वाळूत रुतलेल्या आणि भरतीत सापडलेल्या गाड्यांची छायाचित्रे दर हंगामात वर्तमानपत्रांत येतात, आणि त्या गाड्या पुढे कुठे ना कुठे विकल्या जातातच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, त्यावर पाण्याची रेषा राहते. स्टेपनीच्या खोलगट जागेत हात घालावा. गालिच्याखाली चिमूटभर वाळू सापडली तर तो गोवा आहे. सीटच्या रुळांवर गंज आणि वायरिंगच्या जोडांवर हिरवट बुरशीसारखा थर सापडला तर ते खारे पाणी आहे.

वायरिंगकडे बघताना एअरबॅग विसरू नये. रेसिंगचे स्टिअरिंग किंवा बकेट सीट बसवताना मूळ एअरबॅग निघून जाते आणि दिवा लागू नये म्हणून तिथे रेझिस्टर जोडला जातो. चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून काही क्षणांनी विझला पाहिजे. तो लागलाच नाही तर कोणीतरी तो बंद केला आहे. लागून विझला, तरी मूळ स्टिअरिंग आणि सीट जागेवर आहेत ना, हे डोळ्यांनी पाहावे.

मोठे स्पीकर, निऑन दिवे, स्टिकर आणि स्पॉयलर यांवर वेळ घालवू नये. ते काढता येतात.

रस्त्यावर

चाचणीसाठी दोन प्रकारचे रस्ते हवेत. पहिला मंद गतीचा: म्हापशात शुक्रवारच्या बाजाराची गर्दी किंवा पणजीतला अठरा जून रस्ता. १.२ लिटर इंजिनाच्या पोलो जीटी टीएसआयमधील सात गिअरचा डीएसजी (दोन क्लचचा स्वयंचलित गिअरबॉक्स) कोरड्या क्लचचा असून तो २५० न्यूटन मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनलेला आहे. मूळ इंजिन १७५ न्यूटन मीटर देते, तेव्हा माफक रिमॅपला जागा आहे, हव्यासाला नाही. सरपटत्या रहदारीत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये थरथर किंवा धक्का जाणवला तर क्लच पॅक किंवा मेकॅट्रॉनिकचा (गिअरबॉक्स चालवणाऱ्या नियंत्रक भागाचा) खर्च दारात उभा आहे.

दुसरा रस्ता चढाचा. केरीहून चोर्ल्याकडे चढताना किंवा मोले सोडून अनमोडकडे जाताना इंजिनावर खरा भार येतो. रस्ता मोकळा असताना, वेगमर्यादा पाळून, गिअरबॉक्स हाताचा असेल तर चौथ्या गिअरमध्ये २,००० आरपीएमवर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबावा. आरपीएम चढले आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतो आहे. घाट उतरताना ब्रेक तापून स्टिअरिंग थरथरले तर डिस्क वाकडी आहे. वर पोहोचल्यावर कूलंटचे तापमान पुन्हा वाचावे आणि इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू ठेवावे. विक्रेता स्वतःहून असे करतो का, इकडे माझे लक्ष असते. घाटात गाडी विक्रेत्यालाही थोडी चालवायला द्यावी. थंड इंजिनावर जो माणूस रेडलाइन (आरपीएमची वरची मर्यादा) गाठतो, त्याने ती सवय आजच लावून घेतलेली नसते.

किंमत आणि नावावर करणे

‘तीन लाखांचे पार्ट लागले आहेत’ या वाक्याला सौद्यात अर्थ नाही. त्याच वर्षाच्या, तितक्याच चाललेल्या मूळ गाडीचा भाव हा पाया धरावा, बिल असलेल्या आणि कायद्यात बसणाऱ्या भागांसाठी थोडी भर घालावी, आणि तीन प्रश्नांत नापास झालेल्या प्रत्येक बदलासाठी वजाबाकी करावी. शिवाय गाडी घेतल्यावर लगेच करायच्या ऑइल, ब्रेक फ्लुइड, स्पार्क प्लग आणि टायर यांच्या खर्चाची रक्कम बाजूला ठेवूनच आपला आकडा सांगावा.

सौदा ठरल्यावर गाडी नावावर करण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या व्हाव्यात. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विम्यासाठीही खरेदीदाराला १४ दिवसांची मुदत आहे, आणि त्या अर्जातच सर्व बदल लेखी कळवून त्यांचा वाढीव हप्ता विचारून घ्यावा, कारण न कळवलेल्या बदलामुळे स्वतःच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाऊ शकतो. नो क्लेम बोनस जुन्या मालकाचा असतो, तो गाडीबरोबर येत नाही.

मूळ भागांचे खोके मात्र गाडीबरोबर त्याच फेरीत घरी आणावे. ‘ते मडगावला मित्राच्या गॅरेजमध्ये आहेत, पुढच्या आठवड्यात पाठवतो’ असे उत्तर मिळाले तर शेवटचा हप्ता त्या खोक्यासाठी रोखून ठेवावा, आणि खोके उघडून डाउनपाइप, स्प्रिंग, एअरबॉक्स व स्टिअरिंग एकेक करून बिलाच्या मागे लिहून घेतल्यावरच तो द्यावा.